कोरी डिश

काम अगदी साधं होतं. बुधवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायचं, बारा डिश मायक्रोस्कोपखाली बघायच्या, आकडे वहीत लिहायचे आणि घरी जायला द्वारका चौकाची तीनची बस पकडायची. तीनदा मुदत वाढवून घेतलेली माझी पीएचडी त्या बारा आकड्यांवर अडली होती. शुक्रवारी माझ्या गाइड सरांना ते दाखवले नाहीत, तर माझी नोंदणीच रद्द होणार होती.

प्रयोग समजायला सोपा आहे, घाबरू नका. कोंबडीची एक जात असते, जन्मभर पिसांविना उघडीबोडकी. तिच्या अंड्यातल्या आठवडाभराच्या पिलाची पाठीची कातडी डिशमध्ये जगवायची. वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनात भिजवलेला बारीक मणी तिच्यावर ठेवला, की दोन दिवसांत तिथे पिसाचा कोंब उठतो. एका डिशमध्ये मात्र प्रथिन घालायचंच नाही. ती कोरी डिश. तिथली कातडी गुळगुळीतच राहायला हवी, नाहीतर बाकीच्या अकरांना काही अर्थ नाही.

हे सगळं मला आरोहीने शिकवलं. माझी सीनियर. फी भरण्यासाठी ती पूर्वी सातपूरला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायची, तिथे तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. हसरी, पण वहीच्या बाबतीत खाष्ट. म्हणायची, "चैताली, कोऱ्या डिशमध्ये दिसेल तेच लिहायचं. खोटं लिहायला लागलीस तर मनगट धरीन हं!"

गेल्या वर्षी स्कूटर घसरली आणि ती गेली. मी खूप रडले. मग तिचं टेबल मला मिळालं.

त्या दुपारी मी काळे पडदे ओढून बसले. इन्क्युबेटरची घरघर, स्पिरिटचा आणि कोमट अंड्यांचा वास. अकरा डिश छान निघाल्या. बाराव्या, कोऱ्या डिशमध्ये चार कोंब होते.

वर तीन, खाली बाजूला एक. वरच्या पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे एकाची जागा मोकळी. इवल्याशा हाताची बोटं टेकवावीत, तसे.

बाहेर फरशी पुसणाऱ्या झुंबरमावशींना मी हाक मारली. "मावशी, या डिशला कुणी हात लावला?"

"नाय मॅडम. कुलूप व्हतं. चावी माझ्याकडंच हाय." त्यांनी वाकून भिंगातून पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. "हा तर... आरोही मॅडमचा हात..."

"काहीतरीच बोलू नका!" मी खेकसले. मावशी बादली उचलून निघून गेल्या.

मी वही ओढली. कोरी डिश, कोंब किती? मी शून्य काढलं.

इन्क्युबेटरची घरघर थांबली. वीज गेली असावी. त्या शांततेत माझ्या उजव्या मनगटाला काहीतरी लागलं... थंड... ओलसर... मग घट्ट. मोजायची सवय मेली सुटत नाही. वर तीन, खाली अंगठा.

शुक्रवारी सरांनी वहीवर सही केली. "शाब्बास," म्हणाले, आणि त्यांची नजर माझ्या हातावर थांबली. "हे पुरळ कसलं?"

बरोबर दोन दिवस झाले होते. मनगटावर चार कोंब उठले होते.

डॉक्टरांचं मलम लावून झालं. शेवटी काल मी वहीतलं शून्य खोडून चार लिहिलं, सरांना सगळं खरं सांगितलं. नोंदणी गेली. मला वाटलं, आता तरी आरोही हात सोडेल.

आज सकाळी अंघोळ झाल्यावर मनगट पुसलं, तर टॉवेलला चार ओली, बारीक पिसं चिकटून आली. आणि मधली जी जागा मोकळी होती ना... तिथे पाचवा कोंब उठलाय.