मातेचं रिकामं बोट

आमच्या गावात सणाच्या आदल्या दुपारी मरियामातेच्या मूर्तीचं वस्त्र बदलायचं ते सगळ्यांत नव्या नवरीने. तेव्हा पुरुषाने चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, फादरनीही नाही. यंदा पाळी माझी. माझा नवरा फेर्मीन मिसरूड फुटल्यापासून मिरवणुकीत मातेला खांद्यावर घेतो. मला अजून त्याने उंबऱ्यावरूनसुद्धा उचलून आत नेलेलं नाही. तेव्हा मातेचे परकर सोडताना माझं मन काही फार भाविक नव्हतं.

दारं बंद. मेणाचा, कोंदट रेशमाचा वास. आणि मागच्या दाराने फादर एलेउतेरिओ आत आले, अनवाणी.

ते हलक्या आवाजात सांगत गेले. दीक्षेच्या दिवशी त्यांनी आपल्या आईची अंगठी मातेच्या बोटात घातली होती, जन्मभर तुझाच म्हणून. आता पाव भाजणाऱ्या दोमितिलावर जीव जडला होता. आज संध्याकाळच्या बसने दोघं निघणार होती. पण अंगठी ओढली की मातेची मूठ आवळायची. प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. निजलं की उशाशी परकर सळसळायचे.

"बाईमाणसाला देईल ती... काढ, पोरी."

सहज निघाली. मला बरंच वाटलं. एकजण तरी हिच्या तावडीतून सुटला.

फादरनी खिशातून बाजारातली पितळी अंगठी काढली. हात रिकामा ठेवू नकोस, म्हणाले. मी घातली. लाकडी बोट हळूच खाली झुकलं... अंगठी घरंगळत फरशीवर गेली. पुन्हा घातली. पुन्हा तेच.

"वस्तू नको तिला," फादर पुटपुटले. "माणूस हवा..."

आणि ते गेले. थोड्या वेळाने चढावर बसचा आवाज आला. मी मातेचा हात लांब बाहीत झाकला आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली, फेर्मीन सगळ्यांत पुढे. गावभर एकच विषय. बायका म्हणत होत्या, पळायचं तर पळावं, पण सणाचे पाव तरी भाजून जायचं.

दिवेलागणीला फेर्मीन घरी आला. मी सूप पुढे केलं. त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरला. बोटात लग्नाची अंगठी नव्हती.

कुठे गेली, मी विचारलं.

तो हसला, इतक्या मायेने, की तसा माझ्याकडे बघून कधी हसला नव्हता. आताही बघत होता तो आमच्या बिछान्याकडे. तिथून मेणाचा, कोंदट रेशमाचा वास येत होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा..."