जपलेलं, पण न वाचता येणारं पान

पान पूर्ण होतं. त्यातली एक ओळ गळाली नव्हती की एक फोटो हरवला नव्हता. तरीही ते कोणालाच वाचता येत नव्हतं. आता बोला!

मी प्रांजल म्हात्रे, इयत्ता सहावी. आमचं गाव खाडीकाठी. गेल्या वर्षी बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं. मीठ बसलेल्या जमिनीत नेहमीचं भात कुठलं यायला? बाबांनी खटपट करून बियाणे-पेढीतून (जुनी बियाणी थंडीत जपणारी जागा) खाऱ्या जमिनीतल्या भाताचं पिशवीभर बी मिळवलं. हे भात पूर्वी आमच्याच गावात पिकायचं, पण ते कसं पेरायचं हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. बी वाया गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं, आणि मग शेत कोळंबीच्या तळ्याला देऊन टाकायचं असं बाबांनी ठरवलं होतं. मला ते मुळीच पटत नव्हतं. म्हणून मी आबांना गाठलं.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. अलिबागच्या जालस्मृती केंद्रात ते शास्त्रज्ञ आहेत. बंद पडलेली संकेतस्थळं तिथे जपून ठेवतात. त्यांचा मदतनीस साठ्या हा यंत्रमानव आहे, आणि तो भलताच आगाऊ आहे.

"तुमच्या गावच्या शाळेचं जुनं संकेतस्थळ आहे माझ्याकडे," साठ्या म्हणाला. "तीन गावांत तीन प्रती ठेवल्यात. आग लागो, पूर येवो, एक तरी उरणारच."

फोटोंवरून शोधून त्याने त्यातलं एक पान भिंतीवर उघडलं. वर फोटो होता, आमच्याच खाडीचा आणि भाताने भरलेल्या शेताचा. पण खाली नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं होती. अगम्य!

"ही कुठली भाषा?"

"मराठीच," आबा म्हणाले. "मला सांग प्रांजू, संगणकाला अक्षरं कळतात का?"

"न कळायला काय झालं?"

"नाही कळत. त्याला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा म्हणजे 'क', तमुक म्हणजे 'ख', असं आता सगळ्या जगाने मिळून ठरवलंय. त्याला युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेले सामाईक आकडे) म्हणतात. त्याआधी मात्र ज्याने त्याने आपापला मराठी फाँट (अक्षरांच्या आकारांचा संच) काढला होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. एकाचा 'क' इथे, तर दुसऱ्याचा तिथे. फाँट असला की पान झकास मराठी दिसायचं. नसला की हे असं."

"मग लावा ना तो फाँट."

आबा जरा ओशाळले. "तीच तर आमची चूक. आम्ही पान जपलं, फाँट नाही. तेव्हा तो घरोघरच्या संगणकात असायचा. जे घरोघर असतं, ते जपून ठेवायचं कोणाला सुचतं?"

"मी अंदाज बांधू शकतो," साठ्या म्हणाला, "पण खात्री देणार नाही. अंदाज चुकला तर बी गेलं."

मला रडूच यायला लागलं. पण रडून काय होणार? मी शाळेची बाकीची पानं चाळत बसले. एका पानावर पाटीचं चित्र होतं, आणि खाली छोट्या छोट्या ओळी. प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू होत होती. पहिल्या ओळीचा तर शेवटही त्याच शब्दाने होता.

मी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. बे एके बे. बे दुणे चार.

"आबा, हे पाढे आहेत!"

आबा खुर्चीतून उठलेच. "वा गं पठ्ठे! म्हणजे मजकूर काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. साठ्या, प्रत्येक चिन्हासमोर त्याचं अक्षर मांड."

मी पाढे म्हणत गेले, साठ्या जोड्या लावत गेला. हे चिन्ह म्हणजे 'ब', ते म्हणजे 'च'. पाढ्यांत सगळी अक्षरं येत नाहीत, पण बरीच कळली की उरलेली शब्दांवरून ओळखता येतात. '_ीठ' असं दिसलं आणि वर फोटो खाडीचा, तर पहिलं अक्षर 'म'च असणार. तेच चिन्ह दुसरीकडेही 'म'च निघालं, तरच साठ्या ते पक्कं मानायचा.

बाबा मला न्यायला आले, तेव्हा भिंतीवर मराठी उमटलं होतं. मी मोठ्याने वाचलं: "या भाताची रोपं लावू नयेत. पाऊस सुरू झाला की खाचरातलं पाणी ओहोटीच्या वेळी पुन्हा पुन्हा बाहेर सोडावं. मीठ धुऊन निघाल्यावर मोड आलेलं बी फेकून पेरावं. इयत्ता सहावीने आजोबांना विचारून लिहिलं."

बाबा भिंतीजवळ गेले. "उद्या रोपांसाठी वाफे करणार होतो मी," ते म्हणाले. "सगळं बी गेलं असतं." मग हळूच म्हणाले, "परत वाच, बाळा."

मी परत वाचलं. आबांनी साठ्याला सांगितलं, "आता पानासोबत चिन्हं-अक्षरांच्या जोड्यांची ही किल्लीही जपायची. तिन्ही गावांत."

"त्या फाँटमधली आणखी बरीच पानं आहेत माझ्याकडे," साठ्या म्हणाला. "सगळी कुलूपबंद."

"मग लाव की किल्ली!"

त्याने लावली. भिंतभर गिचमिडीची मराठी होऊ लागली. कुठल्याशा वाचनालयाची वर्गणीची विनंती, कोणाच्या आत्याची कुरड्यांची कृती, एका मुलाने मांजरीवर केलेली कविता. इतकी वर्षं ही माणसं बोलतच होती, पण ऐकू कोणाला येत नव्हतं. बाबांनी खुर्ची ओढली आणि मला जवळ बसवून म्हणाले, "चल, आत्यापासून सुरुवात करू."