नाव घ्यायचं नाही

धायरीतल्या आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे धामण शिरली. मी सर्पमित्राला फोन केला आणि पृथ्वीराज आला. गावठाणातला, घरची थोडी शेती अजून न विकलेला.

"साप अजून आतच आहे!" मी ओरडले.

"हळू… नाव नाही घ्यायचं. जनावर म्हणायचं. नाव घेतलं की येतं."

"सर्पमित्र असून तुम्ही हे मानता?"

"त्याला कान नसतात हो. पण आमच्या आजीला हायेत ना!"

त्याने धामण पिशवीत घातली. हसताना तो खाली बघतो, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

मी एका शब्दकोशासाठी काम करते. त्या आठवड्यात माझ्याकडे 'जनावर' हीच नोंद होती. गुरं, श्वापद आणि तिसरा अर्थ साप. त्या अर्थाला वापराचं उदाहरण हवं, म्हणून मी पृथ्वीराजला पुन्हा फोन केला. उदाहरण पाच मिनिटांत मिळालं. पुढचे अकरा फोन मी का केले, ते कोशात लिहिता येत नाही. पण त्याने एकदाही आपणहून फोन केला नाही.

अशात आईने रविवारी बिबवेवाडीचं स्थळ बोलावलं. मी पृथ्वीराजला फोनवर सांगून टाकलं, "मला बघायला येतायत."

पलीकडून नुसतं, "बरं."

बरं? एवढंच? माझं डोकंच फिरलं. आणि रडूही आलं.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात पृथ्वीराज. हातात काठी, खांद्याला पिशवी, शर्टाला कडक इस्त्री.

"जनावर निघालं का… म्हटलं, बघून जावं."

"कुणी फोन केला?"

"कुणी नाही." तो खाली बघत होता, पण हसत नव्हता.

"तुमची आजी खरं सांगते," मी म्हणाले. "सकाळपासून तुमचंच नाव घेतेय मी. पृथ्वीराज… आवडता तुम्ही मला."

त्याच्या हातातली काठी खाडकन फरशीवर पडली.

"मलापण… पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही शब्दच विचारायच्या…"

"आणि उद्याच्या पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा, घरात जनावर निघालंय. जिन्यातूनच परत जातील."

आतून आईचा आवाज आला, "त्यांना मी फोन करते. त्या जनावराला म्हणावं, चपला बाहेर काढ आणि आत ये. पोहे भिजवलेत."