फेरीनंतरची रेघ

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आधी ऊन आत शिरायचं आणि मग आत्या. भिंतीवर टांगलेली चाकं एकेक करून जागी व्हायची. कुणाच्या काठावर उजेड बसायचा, कुणाच्या आऱ्याच्या टोकावर थेंबासारखा थरथरायचा. रोजचंच दृश्य, तरी आत्या किल्ली हातात धरून क्षणभर थांबायचीच. लोकांना ही चाकं म्हणजे गाडीचा नट्टापट्टा वाटे. तिला त्यांच्यात घडवणाऱ्याचा हात दिसे.

दुकानाची बोली घरच्यासारखी होती. विकत घेऊन चढवायची नवी चाकं म्हणजे बूट. कारखान्यातून गाडीबरोबर येणारी पत्र्याची काळी चाकं म्हणजे डबे. मधोमध खोल गेलेलं ते ताट, बारीक आऱ्यांचं गुंतलेलं ती जाळी, तिरक्या पात्यांचा पंखा आणि पाच रुंद आऱ्यांची पाकळी. चाक गाडीच्या अंगाबाहेर डोकावलं, की गाडीनं कोपरं काढली.

सगळी नावं दादानं ठेवलेली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दुकानही त्याचंच, दोन वर्षांपूर्वी तो गेला तोवर. चाक निवडताना तो मिशीत हसत बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करी आणि कान लावून ऐकत बसे. चारही चाकं एका सुरात बोलली तर म्हणे, "हे कुटुंब. बाकीचे सगळे भाडेकरू." चाकाच्या पाच नटांना तो जावा म्हणायचा. एकीला आवळलं की लगेच शेजारचीला हात लावायचा नाही, ती रुसून चाक वाकडं बसवते. आधी समोरची, मग तिच्या समोरची. पाना फिरवताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा,

पाच जावांचा गं फेर,
आधी समोरची धर,
मग शेजारणीवर
फिरव गं माया.

आणि त्याचा एक नेम होता. चाकं बसवून झाली की गिऱ्हाइकाला पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारून परत यायला लावायचं. नवं चाक पहिल्या फेरीत अंग टाकतं, नट किंचित सैलावतात. ते पुन्हा आवळायचे आणि मगच प्रत्येक नटावरून चाकावर पिवळ्या मेणखडूची एक रेघ ओढायची. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. दोन्ही हात पान्यावर असल्यामुळे खडू दातांत धरलेला असे. त्याचं मागचं टोक कायम चावून चपटं झालेलं. शेवटची रेघ मात्र तो कधीच ओढत नसे. फ्रॉकमधल्या धाकट्या बहिणीला हाक मारून म्हणे, "ये गं, शेवटची तुझी." तिचे केस पिकायला लागले तरी शेवटची तिचीच होती.

त्याला नेलं त्या दिवशी तो खडूचा तुकडा आत्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. तेव्हापासून ती रेघांना पांढरा रंग वापरायची.

गावभर बूट घालणारा दादा स्वतःच्या गाडीला मात्र डब्यांवरच फिरवत राहिला. कुणी चिडवलं तर म्हणे, "तिच्या मापाचं अजून भेटलं नाही."

ती गाडी आज दुकानात आली होती. चालवत आणली बारकीनं, दादाच्या एकुलत्या एक लेकीनं.

"आत्या, उद्या सकाळी निघायचंय. बाबांच्या गाडीला बूट घाल."

डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तिची पहिली नोकरी होती. वाटेत नुसती वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दोन वर्षं उभ्या उभ्या डब्यांच्या काठांना गंज चढला होता, हवा धरत नव्हते. चाकं बदलणं भागच होतं. भावाची गाडी, भावाची लेक आणि आपले हात, एवढाच विचार आत्याच्या मनात आला आणि तिनं ते पदराला पुसले.

"हे ताट घाल," बारकी म्हणाली. "काय देखणं आहे!"

"देखणं आहे गं. पण कोपरं काढेल."

"काढू दे. थोडा तोरा नको का?"

ताट बसलं, आणि खरंच छान दिसलं. पाना टक् वाजून पुरे म्हणेपर्यंत आत्यानं एकेक जाऊ आवळली. बारकी टाकीपर्यंत जाऊन आली आणि काच खाली करून म्हणाली, "पुढे डावीकडे काहीतरी टकटक करतंय."

आत्यानं पाना लावायच्या आधी नटाला नुसतं बोट लावलं. नट फिरला. दुसराही फिरला. पाचही सारखेच सैल होते, जणू कुणी मोजूनमापून सोडले होते.

समोरचा पंक्चरवाला रस्ता ओलांडून आला. "काय आत्याबाई, मनगटातला जोर घरी ठेवून आलात?"

"नटाखालचा नवा रंग दबला असेल," आत्या म्हणाली. पण एवढा रंग कुठल्याच चाकाला नसतो, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा पंखा चढवला. चाकाचं मधलं भोक मोठं होतं, म्हणून आत कडी घालून ते नीट मधोमध बसवलं. या वेळी तिनं पाना पंक्चरवाल्याच्या हातात दिला. त्यानं गाल फुगवून प्रत्येक नट तपासला आणि म्हणाला, "आता हे हलले तर मी धंदा सोडतो."

बारकी फेरीहून परतली ती गुणगुणतच उतरली. आधी समोरची धर, मग शेजारणीवर.

"हे कुठं ऐकलंस?" आत्यानं विचारलं. दादा ते फक्त दुकानात म्हणायचा, पान्याच्या तालावर. घरी कधीच नाही.

"आत्ता गाडीत लागलं होतं ना. रेडिओवर."

आत्यानं आत वाकून पाहिलं. रेडिओच्या जागी रिकामा चौकोन होता. दादानंच तो कधीचा काढून टाकला होता. चाकाचा आवाज ऐकू येत नाही म्हणायचा.

खाली बसून तिनं नटांना बोट लावलं. आता चारही चाकांचे सैल होते. पंक्चरवाला न हसता आपल्या दुकानात निघून गेला.

"बसनं जा," आत्या म्हणाली.

"बाबांची गाडी आहे, आत्या. मी तिच्यातूनच जाणार."

"माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही गं पोरी."

आत्या पंखे उतरवून भिंतीला लावायला गेली. एकाचा काठ खिळ्याला लागून टण्ण वाजला.

आणि वरून, छताजवळच्या रांगेतून कुणीतरी ओ दिली.

तिथं धुळीनं राखाडी झालेल्या चार पाकळ्या टांगलेल्या होत्या. दादानंच त्या तिथं टांगल्या होत्या, आणि कुणी कधी मागितल्या नव्हत्या. आत्या शिडीवर चढली. बोटाच्या पेरानं एकीला टकटक केलं. तिच्यामागोमाग बाकीच्या तिघी त्याच सुरात बोलल्या. मग खाली उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतून, जिथं जादा चाक ठेवलेलं असतं तिथून, त्याच सुरातला एक दबका हुंकार आला.

"या?" बारकी म्हणाली. "या तर पेन्शनवाले घालतात." पण फडक्यानं धूळ पुसता पुसता तिचा हात मंदावला. धुळीखालून पहाटेच्या पाण्यासारखा शांत उजेड वर येत होता. "बाई गं," ती हळूच म्हणाली. "किती सुंदर आहेत."

कडी लागली नाही. चाक असं बसलं, जणू त्या बुटात तो पाय आधी कधीतरी जाऊन आलेला. कोपर बाहेर नाही, अंग चोरणं नाही. गाडी एकदम आपल्या वयाची, आपल्या घरची दिसू लागली.

"या फेरीला मीही येते," आत्या म्हणाली.

तिनं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. टाकीपर्यंत दोघी गेल्या आणि परत आल्या. वाटेत कुठंच थांबल्या नाहीत. चाकांचा आवाज नव्हता, नुसता रस्ता सरकत होता.

संध्याकाळचं ऊन शटरवर होतं. आत्यानं उतरून कुलूप काढलं आणि शटर वर केलं.

दादाचं बुटकं स्टूल दुकानाच्या मधोमध होतं.

मागच्या भिंतीशी, जुन्या टायरांखाली असायचं ते. ती स्वतः दिवसभर खोक्यावर बसली होती.

बारकीनं गाडी आत घेतली. पुढचं डावं चाक नेमकं स्टुलासमोर येऊन थांबलं.

आत्यानं पाना लावला. लावताक्षणी टक्. दुसऱ्याला टक्. कुठंच केसभरही ढिलाई नव्हती.

मग तिला रेघा दिसल्या. नटावरून चाकावर ओढलेल्या, सरळ आणि पिवळ्या. ती गाडीभोवती फिरली. मागच्या चाकांवर होत्या. पुढच्या उजव्या चाकावर होत्या.

"आत्या, तू कधी काढल्यास?" बारकीनं विचारलं.

पुढच्या डाव्या चाकावर चार रेघा होत्या. एक नट कोरा होता.

शेवटची तिची.

स्टुलावर खडूचा तुकडा होता. तिनं तो उचलला. तिनंच दादाच्या खिशात ठेवला होता तो. बोटांना उबदार लागला.

तिनं गुडघे टेकून हळूच रेघ ओढली. ती बाकीच्यांसारखीच सरळ आली.

मग खडू उलटा करून पाहिला. चावलेलं टोक अजून ओलं होतं.