न रडवणारे कांदे

भिंगनं चौदावा कांदा सोलला, तरी तिच्या डोळ्यांत टिपूसभर पाणी आलं नाही.

समोर बसलेल्या दादाचं नाक लाल झालं होतं. त्याच्या शेजारी ढोल बाहीनं डोळे पुसत होता. ढोल म्हणजे त्यांचा मामेभाऊ, वय वर्षं दहा आणि आवाज चार माणसांचा. भिंग बारा वर्षांची. जाड चष्मा आणि दिसेल ती वस्तू नाकाशी नेऊन न्याहाळायची खोड, यावरून ढोलनंच तिला हे नाव दिलं होतं.

सुट्टी लागली की ही दोघं भावंडं मामाकडे येत, आणि मामी त्यांना लगेच कामाला जुंपत असे. उन्हाळा सरून हवेत गारवा यायला लागला की तिच्या परसातलं सगळं एकदम घरात येई. शेंगा मिठात मुरत. टोमॅटो उकळून बरण्यांत भरले जात. शेपू आणि पुदिन्याच्या जुड्या सावलीत उलट्या टांगलेल्या असत. आज सुपारीपेक्षा जरा मोठे कांदे सोलून आंबट शिरक्यात मुरत घालायचे होते. अकरा बरण्या सकाळीच भरून झाल्या होत्या.

"तू चष्म्याच्या जोरावर वाचतेस," दादा म्हणाला.

भिंगनं चष्मा काढून ठेवला आणि आणखी दोन सोलले. काही नाही. मग तिनं दादाशी सुरी बदलली, नंतर जागाही बदलली. आपली कांद्यांची वाटी मात्र सोबतच नेली. दादा नव्या जागी बसूनही रडतच होता, आणि ती नव्या जागी बसूनही कोरडीच.

"म्हणजे सुरीचा दोष नाही आणि जागेचाही नाही," ती म्हणाली. "दोष माझ्या कांद्यांत आहे."

तिनं एक कांदा चिरून हुंगला. कांद्याचा वास नव्हताच. ओल्या गवतासारखा काहीतरी वास होता. पापुद्रे तसेच, वरचं तपकिरी सालही तसंच, पण चिरलेल्या जागेतून चिकट रस येत होता आणि तो लागला होता तिथे तिची बोटं मघापासून खाजत होती.

दादाचे कांदे स्वयंपाकघरातल्या जाळीतले होते. भिंगचे मात्र मागच्या खोपटातल्या टोपलीतले.

मामा दुसऱ्या खोलीत घड्याळ उघडून बसला होता. घड्याळदुरुस्ती हाच त्याचा धंदा. तिनं त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं डोळ्यावरची भिंगाची नळीसुद्धा काढली नाही. गोड जातीचे असतील, तो हसत म्हणाला. कांदा रडवतो म्हणून कुरकुरणारी माणसं त्यानं खूप पाहिली होती, रडवत नाही म्हणून तक्रार घेऊन येणारी ही पहिलीच.

भिंगनं वाद घातला नाही. ती दादा आणि ढोलला घेऊन खोपटात गेली.

खोपटातला दिवा गेलेला होता. अर्धवट उजेडात टोपल्या एकीत एक बसवून रचून ठेवलेल्या होत्या. हे काम मामाचं, हे सांगायला नको. अर्धी भरलेली टोपली त्याला डोळ्यांसमोर खपत नसे. ढोलनं सगळ्यांत खालची टोपली ओढून काढली. ती रिकामी होती. तिच्या कडेला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी मात्र तशीच होती आणि तिच्यावर मामीच्या अक्षरात एकच शब्द होता: नर्गिस.

"ती पिवळी फुलं?" ढोलनं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

भिंगनं ती चिठ्ठी नाकाशी नेऊन पुन्हा वाचली. थंडीआधी लावायचे कंद मामीनं माळ्यावरून काढल्याचं तिला माहीत होतं. आणि ते विषारी असतात हे तिनं वाचलं होतं. उकळले तरी विष जात नाही, शिरक्यात घातले तरी नाही.

ती पळत घरात गेली.

"मामा, नर्गिसाचे कंद कुठे आहेत?"

"टोपलीत."

"टोपली रिकामी आहे."

मामानं नळी काढली. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. काल त्यानं खोपटं आवरलं होतं. तपकिरी, गोल, सुक्या सालीचे कांदे अर्धी टोपली, आणि पलीकडच्या टोपलीतही तसेच. त्यानं एक टोपली दुसरीत ओतली होती. अंधारात चिठ्ठी दिसली नव्हती.

मामी दारात उभी होती. तिच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. अकरा बरण्या, ती पुटपुटली, आणि त्यातली एक आजच शेजारी द्यायची होती.

"बरण्यांचं राहू दे," मामा कसाबसा म्हणाला. "सकाळी एक पिशवी मी शिवणकारखान्यातल्या स्वयंपाकीणबाईंना दिली. सूप करणार होत्या."

कारखान्यात तीस बायका होत्या. त्यांची जेवणाची सुट्टी एक वाजता. मामाच्या दुकानवजा खोलीत भिंतभर घड्याळं होती आणि सगळ्यांत एकला बारा मिनिटं कमी होती.

मामानं फोन लावला. नुसता वाजत राहिला. यंत्रांच्या खडखडाटात तिथे कुणाला ऐकू जाणार? तो परत परत लावत होता, तोवर मुलांनी सायकली काढल्या होत्या.

फाटकावरचा रखवालदार पेपर वाचत होता. पोरांना आत सोडायचं नाही, असा नियम त्यानं मान वर न करता सांगितला. सुपात विष आहे म्हटल्यावर त्यानं पान उलटलं. अशी थट्टा गेल्या सुट्टीतही कुणी केली होती म्हणे.

ढोलनं एकदा भिंगकडे पाहिलं आणि फाटकासमोर आडवा होऊन असा काही टाहो फोडला, की रखवालदाराच्या हातातला पेपर उडाला. तो धावत ढोलपाशी गेला, आणि भिंग अन् दादा त्याच्या पाठीमागून आत शिरले.

यंत्रं नुकतीच थांबली होती. बायका लांब बाकांवर बसत होत्या. टोकाला मोठं पातेलं होतं, त्यात पळी होती आणि पहिला वाडगा अर्धा भरला होता.

"मावशी, वाढू नका," भिंग धापा टाकत म्हणाली. "त्यात कांदे नाहीत, फुलांचे कंद आहेत."

स्वयंपाकीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वीस वर्षं रांधतेय मी. आता कांदा कोणता ते तू शिकवणार?"

"चिरताना डोळ्यांत पाणी आलं होतं का?"

"नाही आलं. गुणी कांदा आहे," असं म्हणून बाईंनी पळी पुन्हा पातेल्यात घातली.

समजावत बसायला वेळ नव्हता. दादा भिंगच्या पलीकडून पुढे झाला. ओट्यावरचा मिठाचा डबा त्यानं उचलला आणि अख्खा पातेल्यात उपडा केला.

बाईंनी पळी उगारली. तिच्यातून सूप ठिबकत होतं. दादानं डोळे मिटून घेतले. पण पळी खाली आली नाही, ती हातातून सुटली. बाईंनी पोटावर हात दाबला आणि त्या मटकन खाली बसल्या. चव बघायला म्हणून त्यांनी मघाशी पाऊण वाडगा सूप घेतलं होतं.

तेव्हा कुठे सगळ्यांना खरं वाटलं. रखवालदारानंच गाडी काढून बाईंना दवाखान्यात नेलं. मामा घामाघूम होऊन तिथे पोचला, तेव्हा त्याच्या हातात अर्धा चिरलेला एक कंद होता. तो डॉक्टरांना दाखवायचा हे मामीला सुचलं होतं. नेमकं काय पोटात गेलं ते कळल्यामुळे उपचाराला उशीर झाला नाही. उलट्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. पाऊण वाडगा होता म्हणून निभावलं, डॉक्टर म्हणाले. तीस जणींना एकदम आणलं असतंत, तर माझ्याकडे खाटा सहाच आहेत.

घरी मामीनं अकराही बरण्या खड्ड्यात रिकाम्या केल्या. मामा फावडं घेऊन निमूटपणे माती ओढत होता. काम संपल्यावर त्यानं भिंगसमोर उभं राहून सांगितलं, की त्याच्या धंद्यात एक दातेरी चाक चुकीच्या डबीत पडलं तर तो दुकान बंद करून शोधतो. आज ते काम तिनं केलं आणि तो मात्र हसला होता. तिचं म्हणणं हातातलं काम टाकून ऐकायला हवं होतं. भिंगनं फावड्याचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात गेली. दादा दाराबाहेरच घुटमळत होता, पण स्वयंपाकीणबाईंनी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला. त्यांचा चेहरा अजून पांढराफटक होता.

"माझ्या हातचं खारट झालं असं वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काल न चाखताच तीसही जणी म्हणाल्या. तीसही जणी घरी गेल्या, बाळा."