बाहेरून कडी असलेलं दार

या, बसा. असे या बाजूला बसा, तिथे खिळे आहेत. दिवा जरा जवळ ओढतो.

माझा धंदा तुम्हाला माहीतच आहे. पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या घ्यायच्या, घासूनपुसून विकायच्या. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो, पुढचं सगळं दारांनी शिकवलं. मुठीजवळचा रंग कसा उडालाय हे बघून घरात माणसं किती ते मी सांगतो. एकदा एका गृहस्थाचं दार बघून मी म्हणालो, "काय हो, वहिनींना आदळआपट करायची सवय दिसते?" गृहस्थ ओशाळला. म्हणाला, "मलाच आहे."

तर त्या दाराचं सांगतो. नदीकाठची पिवळी सरकारी इमारत पाडली, तेव्हा ते मला मिळालं. चौकशीला माणसं जिथे नेत, ती इमारत. दार एकाच फळीचं, चार बोटं जाड, कडी बाहेरून. आतल्या बाजूला कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. माल ताब्यात देणारा साहेब परवाना खात्यातला होता. गोड बोलायचा, आणि बोलताना तुमच्या खांद्यावरची धूळ झटकायचा. मला म्हणाला, "शेठ, आतून रंधा मारून घ्या. आजच. इथेच."

आतून, गुडघ्याच्या उंचीवर, खाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, नावं खरवडलेली होती. तेवीस. बरीचशी पूर्ण नावं, काही नुसती हाक मारायची. मी रंधा मारला. पण दुकानदाराची सवय, माल हातावेगळा करण्याआधी त्यावर लिहिलेलं वाचायचं, आणि वाचलेलं मी विसरत नाही. एकेक नाव वाचलं आणि तासलं. तेविसावं वाचून हसूही आलं मला. 'ढापण्या.' अक्षरं तिरकी, एकमेकांवर चढलेली. साहेबही हसला. दोघं हसलो आम्ही.

दोन वर्षं ते दार गोदामात पडून होतं. मग बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातलाच. त्यांना नाटकासाठी दार हवं होतं.

"कसलं नाटक, बाई?"

"ग्रीक लोकांचं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या शोकांतिकांसारखं. कथा मी बांधलीय, रीत त्यांची."

"एवढं जुनं? कोण बघणार?"

"रीत तर ऐका," बाई म्हणाल्या. "राजा ज्याला मारतो, त्याला लोकांसमोर नाही मारत. दार बंद होतं. आतून एक किंकाळी येते, बस. मग दार उघडतं आणि निरोप्या बाहेर येतो. आत काय झालं ते तो सगळं सांगतो. राजाला, राणीला, गावातल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना ते उभं राहून ऐकावं लागतं. राजा मेलेल्याला घाबरत नाही, शेठ. सांगणाऱ्याला घाबरतो."

"आपल्याकडे दार बंद होतं तेवढंच," मी म्हणालो.

"म्हणून तर बसवतेय."

बाईंचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी चौकशीला नेला होता. छापखान्यात कामाला होता, कसलीशी पत्रकं छापली म्हणून. जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. दर सोमवारी त्या याच साहेबाच्या कचेरीत जाऊन विचारायच्या. दर सोमवारी साहेब म्हणायचा, "अशा नावाची नोंदच नाही, बाई."

त्यांनी दारावर हात फिरवला. आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, हात थांबला.

"इथे लाकूड पातळ का झालंय?"

"कीड होती," मी म्हणालो.

"दार कुठलं?"

"जुन्या गिरणीचं."

असा मी. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून नव्हे हो. नुसता घाबरून.

परवानगीसाठी एकदा साहेबासमोर नाटक करून दाखवायचं होतं. भर दुपार, पत्र्याचं सभागृह, खिडक्या उघड्या. मी दाराच्या बिजागऱ्या आवळायला गेलो होतो तो तिथेच थांबलो. शिवणवर्गातल्या सहा बायका गावचे म्हातारे झाल्या होत्या. आमचा पोस्टमन निरोप्या. तोंडावर कागदाच्या लगद्याचा मुखवटा, तोंडाच्या जागी काळं भोक.

"शेठ," मुखवट्यातून तो कुजबुजला, "आयुष्यभर निरोप वाटले, पण असा उकडून कधी निघालो नव्हतो!"

बायका खिदळल्या. साहेब संहिता मांडीवर घेऊन बसला. दार बंद झालं, किंकाळी आली, दार उघडलं. निरोप्या बाहेर आला आणि त्याच्या सहा ओळी बोलला.

मग बोलतच राहिला.

आधी मला वास आला. ताज्या तासलेल्या लाकडाचा. मग कळलं, तो नावं घेतोय. सावकाश, एकेक. पहिलं, दुसरं, तिसरं... दारावर होती त्याच क्रमाने. साहेब पानं उलटत होता.

"हे... हे कुठल्या पानावर आहे?"

नावं चालूच. वीस. एकवीस. बावीस.

"ढापण्या," निरोप्या म्हणाला.

बाई उठून उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली.

"ते... ते घरात फक्त मी म्हणायचे त्याला. चिडवायला." मग मुखवट्याकडे बघत, अगदी हळू, "पुढे?"

"चष्मा पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. म्हणून अक्षरं तिरकी आली. सहाव्या दिवशी पहाटे दार उघडलं. तो आपल्या पायांनी बाहेर गेला. परत आणला नाही."

बाईंनी मान हलवली. अकरा वर्षांचे सोमवार संपले होते.

निरोप्याने आणखी एक नाव घेतलं आणि गप्प झाला.

"मुखवटा काढ!" साहेब ओरडला.

पोस्टमनने काढला. घामाने निथळत होता. "काय झालं? सहाच ओळी होत्या ना? सगळे असे का बघताय?"

साहेब माझ्याकडे वळला. जवळ येऊन त्याने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. "शेठ, यांना सांगा बरं, दार कुठलं ते. गिरणीचं ना? तुमचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, नाही का?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बाई बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

"पिवळ्या इमारतीचं," मी म्हणालो. "नावं तिथेच होती. अक्षरं तिरकीच होती. तुम्ही तासायला लावलीत आणि मी तासली. आपण हसलो होतो, साहेब, आठवतंय?"

साहेबाने संहिता मिटली, हसला आणि निघून गेला. नाटकाला परवानगी मिळाली नाही. दार माझ्याकडे परत आलं. ते बघा, तुमच्या मागे.

त्या संध्याकाळी बाईंनी वही काढली आणि माझ्याकडून नावं उतरवून घेतली. आता त्या घरोघर जाऊन सांगतात. बाई स्वतःच निरोप्या झाल्या म्हणा. पण लिहिताना त्या थांबल्या. "शेठ, तुम्ही तेवीस सांगितलीत. त्याने चोवीस घेतली. शेवटचं 'भोंग्या'. तो कोण?"

"माहीत नाही," मी म्हणालो. बाईंशी बोललेलं तिसरं खोटं.

लहानपणी मी फार रडायचो. आई मला भोंग्या म्हणायची. तिला जाऊन तीस वर्षं झाली. ते नाव माहीत असलेलं दुसरं कोणी जिवंत नाही.

म्हणून तुम्हाला बोलावलं. कोणीतरी ऐकून ठेवायला हवं. उद्या मी दुकानात दिसलो नाही आणि कचेरीत म्हणाले, अशा नावाची नोंदच नाही, तर...

नाही, उठू नका. तो आवाज रोज येतो. खिळ्याने खरवडल्यासारखा. दाराच्या मागे भिंत आहे, आतली बाजू तिकडे करून मी स्वतः टेकवून ठेवलंय. सकाळी खाली ढलप्या पडलेल्या असतात, ताज्या, कुरळ्या. काल दिवा घेऊन, वाकून, फटीतून बघितलं.

'भों' एवढंच झालंय अजून. आणि अक्षर माझं आहे.