वुजिग्रा घरी आली

येशिमेबेत जव भाजत बसली होती. मरियमच्या उपासाचा चौदावा दिवस. घरात लोणी नाही, चरबी नाही, त्यांचा वासही नाही. दारात देस्ता येऊन उभा राहिला, तिच्या नवऱ्याच्या, अयालेवच्या तुकडीतला. खांद्यावर अयालेवची बंदूक.

"वहिनी, वुजिग्रा आणलीय…"

बंदूक फ्रान्सची. तिथल्या फौजेला जुनी झाली, तशी समुद्र ओलांडून या डोंगरांत आली, आणि तिचं फ्रेंच नाव लोकांच्या जिभेवर मोडून वुजिग्रा झालं. सासरे ती घेऊन इटलीवाल्यांशी लढले. चाळीस वर्षांनी मुलगाही तीच घेऊन, त्यांच्याशीच लढायला गेला होता.

"आणि तो कुठंय?"

देस्ता खाली बघत म्हणाला, "नदीला पूर होता. बंदूक मला दिली, तिच्या खटक्याचा बोल्ट काढून स्वतःच्या कमरेला खोचला. म्हणाला, 'तू पकडला गेलास, तर त्यांना नुसता सोटा मिळू दे.' हसत होता… मग पाण्यानं नेलं."

सासूबाई, तेवाबेच, उठल्या. बंदुकीच्या नळीवरून त्यांनी लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"उद्या शोक मांडू. देह नाही, तर त्याच्या जागी बंदूक ठेवू, त्याचे कपडे ठेवू."

"नको, आई! मी नवस बोललेय. मरियमच्या देवळाला जरीची छत्री वाहीन. आणूनही ठेवलीय."

"काय मागितलंस?"

"एकदा त्याला घरी येऊ दे."

"जिवंत, असं म्हणालीस?"

येशिमेबेतचा हात थांबला. जव करपू लागले.

देस्ता गेला. बंदूक खुंटीवर टांगली. दुपारी गारा पडल्या आणि थांबल्या. त्या शांततेत आवाज आला. खट्… खट्.

तिला तो ओळखीचा होता. मुलगी, स्नेदू, रांगू लागल्यापासून अयालेव दारात पाऊल ठेवताच बोल्ट ओढून काढायचा आणि तिखटाच्या मडक्यात दडवायचा. तिथं पोर हात घालणार नाही म्हणून.

"कालवणाला लोखंडाची चव येते," ती कुरकुरायची.

"बरं झालं, काहीतरी चव आली!" तो म्हणायचा.

आता घरात मेंढीच्या चरबीचा वास पसरला होता. तो बंदुकीला लावायचा, तीच चरबी. उपासाच्या घरात…

तिनं मडक्याचं झाकण उचललं. तिखटात बोल्ट होता. ओला. त्याच्याभोवती तिखट भिजून गडद झालं होतं.

तिनं बोल्ट झग्याला पुसून उराशी धरला. मग कोपऱ्यातली छत्री घेतली.

"कुठं निघालीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नवस फेडायला. तो आला होता, आई. उद्या मांडू शोक."

दारात स्नेदूनं तिचा झगा धरला. "आई, छत्री उघड ना. बाबा भिजलेत."

आभाळ निवळलं होतं. तरी येशिमेबेतनं छत्री उघडली आणि देवळापर्यंत स्वतःच्या डोक्यावर न धरता, शेजारच्या रिकाम्या जागेवर धरून, हळूहळू चालत गेली.

देवळात पुजाऱ्यानं छत्री हातात घेतली, उलटून पाहिली.

"पोरी, वरून तर कोरडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मग आतून कशी गं ठिबकतेय?"